बॉनेटची केबल

शैलाकाकूंच्या अंगणात ओढून आणलेल्या गाडीचं बॉनेट मेकॅनिक बाबालालने पहार घालून उचकटलं. इंजिन जळून कोळसा झालं होतं. बॉनेट उघडणारी केबल गंजून नळीतच तुटलेली होती.

"धूर दिसला तसा मी बॉनेटचा खटका ओढला," शैलाकाकू म्हणाल्या. "दोनदा, तीनदा ओढला. पेट्रोल पंपावरची माणसं आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभी होती, पण बॉनेट उघडेचना."

एकसष्ट सालची ती गाडी काकूंच्या यजमानांनी आणि बाबालालने सहा वर्षं खपून उभी केली होती. यजमान गेल्यावर काकू रोज सकाळी तीतून एक फेरी मारत. सीटला अजून त्यांच्या तपकिरीचा वास येतो, म्हणत. परतताना बाबालालच्या गॅरेजवर बसून त्याच्यापाशी यजमानांच्या आठवणी काढत.

दर दसऱ्याला बाबालाल केबल बाहेर काढून, पुसून, तेल पाजून परत बसवायचा. यंदा मात्र त्याने नुसता खटका ओढून पाहिला. बॉनेट उघडलं, तसा तो दुसऱ्या कामाला लागला.

"तुमचा काय दोष, बाबालाल? तुम्ही होतात म्हणून इतकी वर्षं चालली," म्हणत काकूंनी चहाचा कप पुढे केला.

त्याला तो घेववेना. "काकू, यंदा मी केबल काढलीच नव्हती. तेलही घातलं नव्हतं."

काकूंनी कप जळक्या सीटवर ठेवला.

"हे मला सांगायला नको होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "आता कुणाजवळ बसून त्यांच्या आठवणी काढू मी?"