माहेरचं नाव

"पासवर्ड नसेल तर हा टॅब म्हणजे पोळपाट," दुकानदार म्हणाला. द्वारकाने तो लेकीच्या अभ्यासासाठी घेतला होता, ज्याच्याकडे भांडी घासायची त्या साहेबाकडून. बायको न्हाणीघरात घसरून मेली म्हणत त्याने महिन्याभरात तिचं सगळं विकलं. "श्रीनिधी, श्रीनिधी टाकून बोटं झिजली, उघडत नाही," साहेब विकताना म्हणाला होता.

बायकोचं ते नाव त्यानेच लग्नात तांदळात लिहिलेलं. द्वारकाचंही पहिलं नाव असंच पुसलेलं. तिने मेलेल्या वहिनींच्या आईला फोन लावला. "माई, वहिनींचं माहेरचं नाव काय हो?"

"वनिता."

टॅब पहिल्या झटक्यात उघडला. "माई, वहिनींचा टॅब उघडला, फोटो आहेत त्यांचे," द्वारका फोनवर म्हणाली.

"हसतीय का गं माझी पोर फोटोत?"

द्वारकाला खोटं बोलवेना. "नाही, माई. नुसते वळ आहेत, पाठीवरचे, दंडावरचे. दर मारानंतर फोटो काढून ठेवलाय वहिनींनी. या तुम्ही. लेकीचा अभ्यास राहू दे, हा टॅब पोलिसात द्यायचाय."