सत्ताविसावा रिटेक

विषाची बाटली, आत साखरेचं पाणी. पलंगाखाली पुरुषाचे बूट. भिंतीवर दोन सावल्या, मध्ये हातभर अंतर.

जुन्या जमान्यातल्या कृष्णधवल रहस्यपटाचं चित्रीकरण चाललं होतं. गोष्टीत बायको आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याचा काटा काढतात. नायिका म्हणून दिग्दर्शकानं स्वतःच्याच बायकोला घेतलं होतं, आणि ती प्रियकर झालेल्या नटाच्या जवळ जाईचना.

"कट! अगं, प्रियकर आहे तो तुझा, दातांचा डॉक्टर नव्हे! आणि तुम्ही हो, ओंडक्यासारखे काय उभे? धरा तिला!"

सव्विसाव्या रिटेकनंतर त्यानं कपाळाला हात लावला. "उद्यापासून आमच्या घरी तालीम करा दोघं. मी दिवसभर इथंच असतो, म्हणजे संकोच नको."

आठवड्यानं सत्ताविसावा रिटेक असा झाला, की लाइटवालेसुद्धा खाली बघू लागले. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या आणि लेखकाला फैलावर घेतलं.

"तो नवरा बदला बुवा! डोळ्यांदेखत सगळं चाललंय आणि ह्याला पत्ताच नाही? लोक हसतील!"

"राहू दे हो," बायको केस सावरत म्हणाली. "असतात असे."



प्रियकराच्या भूमिकेसाठी त्या नटाचं नाव तिनंच सुचवलं होतं.