आठवं घर कोरं

गुरुजींनी टॅबवर मृदुलाची पत्रिका उघडली. आता पत्रिकेत ग्रह नसायचे. माणसाने दहा वर्षांत नेटवर काय काय शोधलं, ते बारा घरांत मांडलेलं असायचं.

"गुण छान जुळतात," ते म्हणाले, "पण आठवं घर कोरं आहे. रोज एक तास व्हीपीएनचा पडदा, आणि त्याच्यावर पुन्हा निनावी जाळ्याचा."

"एक पडदा चालवून घेतला असता हो," मुलाची आई म्हणाली. "चांगल्या घरच्या मुलीला दोन-दोन कशाला लागतात?"

"दोषाला शांती आहे," गुरुजी म्हणाले. "त्या तासात काय पाहिलं, ते मुलीने चारचौघांत सांगायचं."

मृदुलाने समोर बसलेल्या मुलाकडे, अनिकेतकडे पाहिलं. तो तिला मनापासून आवडला होता. "तुम्हालाही ऐकायचंय?"

"आईचं समाधान होईल," तो टॅबकडे बघत पुटपुटला.

"माझे तेवीस तास उघडून बघितलेत, तरी समाधान नाही? मला लग्न करायचं होतं, झडती द्यायची नव्हती!"

मुलाकडची मंडळी चहा न घेताच उठली. ती गेल्यावर मृदुलाला रडू कोसळलं. तिचे वडील वामनराव शेजारी येऊन बसले.

"बाबा, तुम्हालाही नाही सांगणार मी," ती म्हणाली.

"नकोच सांगूस." वामनरावांनी उठून दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ते दोन पडदे कसे लावतात, तेवढं मला शिकव."