अर्धा कप

विश्राम गावडे गुलबक्षीचं फूल डबीत घालून बीज-केंद्रात आले. हे फूल ज्या झाडाचं, त्याची आजी त्यांच्या बायकोनं, हेमलतानं लावली होती. हेमलता गेली, मग ते झाडही रस्तारुंदीत गेलं. झाडानं भोगलेल्याच्या खुणा परागकणांत उतरतात, पण पिढीगणिक पुसल्या जातात. तिच्या हाताची एखादी तरी उरली असेल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

केंद्रातल्या रेणुका मॅडमनी फुलातले पराग यंत्रात घातले. यंत्रावरची अक्षरं वाचून त्यांना हसू फुटलं.

“काका, हिच्या आजीला रोज सकाळी चहा कोण पाजायचं? दूध, साखर, सगळं!”

विश्राम ताडकन उठले. “चहा? अहो, तो माझा!”

“तुमचा?”

“मला शुगर निघाल्यापासून बायको अर्धाच कप द्यायची. दूधच कमी आलं म्हणायची. लबाड! नऊ वर्षं गंडवलं मला!”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. विश्राम हसत होते, डोळे पुसत होते.

“खूण पक्की आहे, काका. हिच्या बियांतही उतरेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामांनी कपभर चहा केला. अर्धा प्यायले आणि उरलेला निववून गुलबक्षीच्या मुळाशी ओतला.

“घे बाई. घराण्याची सवय मोडायला नको.”