गोदूबाईंचा जामीनदार

"गोदूबाई, तुमच्या तीनशे वर्षांच्या शिक्षेला स्थगिती मिळवलीय मी, तीही फुकट वकिली करून. आता एक जामीनदार सांगा की जिवंत!" शर्वरी वकीलबाईंनी कपाळावर हात मारला.

कैद्याला गुन्ह्याआधीपासून ओळखणाराच जामीनदार हवा, अशी कोर्टाची अट. गोदूबाईंनी दिलेली अकराही माणसं कधीच वारली होती. शिक्षा संपेपर्यंत मरू नये म्हणून रोज सुई टोचत, ती फक्त कैद्यांना. गोदूबाई आता एकशे त्रेचाळीसच्या होत्या.

"एक आहे जिवंत. पलीकडच्या बराकीतली तुमची जाऊ. कोर्टाला चालतेय."

"काशी? अगं, म्हशीला दोर बांधून कारखान्याची चिमणी पाडली आम्ही दोघींनी, आणि पोलीस आल्याबरोबर हिनं माझ्याकडे बोट दाखवलं! शंभर वर्षं बोलले नाही मी तिच्याशी. राहिलेली दोनशेही इथंच काढीन."

"काढा मग! बाहेर तुम्हाला ओळखणारं आता कुण्णी उरलं नाही." शर्वरी फाइल आपटून उठली.

ती दारापाशी पोचली, तेव्हा मागून आवाज आला.

"ए पोरी, थांब. काशीला विचार, जेवलीस का म्हणून."