वजनाची रिकामी चौकट

बाळांच्या औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम होता. तो ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता तिची नवी आवृत्ती टाकल्यावर त्याच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या, एक सोडून. नव्या प्रोग्रामरचं डोकं चक्रावलं. तो शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी ताईंकडे वळला.

"ताई, हे काय त्रांगडं आहे? या चाचणीत बाळाच्या वजनाची चौकट मुद्दाम रिकामी ठेवलीय. पूर्वी प्रोग्राम तिथे एरर देऊन अडायचा. आता अजिबात अडत नाही, सुरळीत पुढे जातो. तरी चाचणी नापास!"

"मग काय करणार आहेस?"

"चाचणीच काढून टाकतो. प्रोग्राम सुधारला, ही बिचारी अजून जुन्याच जमान्यात, एररची वाट बघत."

"काढ की. पण आधी मला सांग, वजन लिहिलंच नाही तर आता तो किती धरतो?"

"शून्य."

"आणि नर्सला पडद्यावर काय दिसतं?"

त्याने हसत हसत स्क्रीनवरची ओळ वाचायला घेतली. "या बाळाला... औषधाची गरज नाही."



त्याने खुर्ची पुढे ओढली आणि दिवसभर तो प्रोग्रामला पुन्हा थांबायला शिकवत बसला.