बटवा
फुगडीआधीच सासूबाईंनी स्पृहाच्या कमरेचा बटवा काढून घेतला. "त्यातल्या ग्लुकोजच्या गोळ्या काय मिरवायच्या? तुझ्या इन्शुलिनची गोष्ट घरातल्या घरातच राहू दे. पहिल्या मंगळागौरीला अख्खी बिबवेवाडी आलीय." तिसऱ्या फुगडीला स्पृहाला दरदरून घाम फुटला, बोटं थरथरायला लागली. "आई, माझा बटवा..." "दमली बाई आमची! हल्लीच्या मुलींत दम तो कसला?" सासूबाई बायकांकडे बघत म्हणाल्या. बायका हसल्या. स्पृहा हात सोडवून, भिंत धरत देवीपाशी गेली. अजून न दाखवलेल्या नैवेद्याच्या वाटीतली मूठभर साखर तिनं तोंडात कोंबली. "अगं, देवीच्या आधी?" कुणीतरी ओरडलं. "मला डायबेटिस आहे," साखर चघळत ती म्हणाली, "इन्शुलिन घेते मी. रक्तातली साखर एकदम उतरलीय." सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या. त्यांनी बटवा पदराखाली घेतला. "बघा ना," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आम्हालासुद्धा आत्ताच कळतंय!"